व्हाळात मासे मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

मागच्या अंकात अमेरिका-कॅनडाच्या व्हाळांत, म्हणजे ओढ्यांत, सॅल्मन मासे मोजणाऱ्या लोकांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की आजचं आख्खं पान त्यालाच जातंय. माडाच्या सोंड्या भुंग्याबद्दल विचारलेल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा, माड तोवर पडणार नाही. प्रश्न थोडे कापलेत, रागवू नका.

प्रश्न (साखळी): सर, आमचा मुलगा व्हँकुवरला असतो, गेल्या ऑक्टोबरात मी आणि हे तिकडे होतो. घराजवळच्या व्हाळात गमबूट घातलेल्या दोन बायका आणि एक म्हातारा मेलेले मासे काठीनं उलटेपालटे करून बघत होते आणि सुरीनं शेपटी कापून परत पाण्यातच टाकत होते. मुलगा म्हणाला मासे मोजतायत. मेलेले मासे मोजून काय मिळतं आणि ती शेपटी का कापतात? मला तर बघून कसंतरीच झालं.

उत्तर: वहिनी, तुम्ही अगदी मोक्याच्या वेळी तिथे होतात. पॅसिफिक बाजूचा सॅल्मन व्हाळात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि दोन ते पाचेक वर्षांनी अंडी घालायला परत त्याच व्हाळात येतो. लहानपणी त्या पाण्याचा जो वास घेतलेला असतो त्यावरून त्याला घर सापडतं, हे आर्थर हॅस्लर नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलेलं आहे. वर आला, अंडी घातली, की तो मरतो. म्हातारा झाला म्हणून नाही, त्याचा हिशोबच तसा आहे, व्हाळात शिरल्यावर तो बहुतेक खातही नाही. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात काठावर जे मेलेले मासे दिसतात, व्हँकुवरकडे बहुतेक चम किंवा कोहो जातीचे, ते दुर्घटनेत मेलेले नसतात, ते आपलं काम करून गेलेले असतात.

आता शेपटी. पुढच्या आठवड्यात तीच माणसं परत त्याच व्हाळात येणार, तेव्हा हा मासा आधी मोजलाय की नवीन आहे हे कळायला नको का, म्हणून मोजला की शेपटी कापायची, शेपटी नसलेला मासा दिसला की सोडून पुढे जायचं, इतकं साधं आहे. आणि मासा पाण्यातच का टाकतात, तर तो कुजून त्याच व्हाळाचं खत होतो, किडे वाढतात आणि पुढच्या वर्षीची पिल्लं ते किडे खातात. घरी आणला तर साखळीच तुटली (तुमच्या गावची नाही हो, अन्नाची).

मेलेला मासा सांगतोही बरंच. मादी असेल तर पोट चिरून बघतात, अंडी घालून झाली होती की पोट भरलेलंच राहिलं. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवा, खाली फोंड्याच्या पत्राला उत्तर देताना लागणार आहे. खवला घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय काढतात. डोक्यात कानाचा खडा असतो, आपल्या ढोम्याच्या डोक्यात पांढरे खडे सापडतात ना तेच, त्यातही वर्तुळं असतात. हॅचरीवाले, म्हणजे टाक्यांत अंडी उबवून पिल्लं सोडणारे, तर अंड्यांच्या पाण्याचं तापमान मुद्दाम खालीवर करून त्या खड्यात ठरावीक पट्टे उमटवतात, म्हणजे चार वर्षांनी मासा मेला की खडा कापून कुठल्या हॅचरीचा ते वाचता येतं. जन्मदाखलाच म्हणा.

प्रश्न (म्हापसा): मासे काय रांगेत उभे राहतात का? सोमवारी मोजलेला मासा गुरुवारी परत मोजला जाणारच. मग हे आकडे खरे कसे मानायचे?

उत्तर: बरोबर पकडलंत, त्या लोकांचं अर्धं डोकं ह्याच गोष्टीत जातं. मेलेल्याची शेपटी कापता येते, जिवंताची नाही. म्हणून तुमच्याच शुक्रवारच्या बाजाराचं घ्या. दर तासाला माणसं मोजलीत आणि सगळे आकडे नुसते मिळवलेत तर जो माणूस चार तास हिंडतोय तो चारदा धरला जाईल, पण माणूस सरासरी किती वेळ बाजारात थांबतो हे माहीत असेल तर भागाकार करून खरा आकडा जवळपास काढता येतो. माशांचं तेच. समजा दर दहा दिवसांनी व्हाळ चालत गेलो आणि ०, १००, २००, १००, ० असे मासे दिसले. कागदावर ग्राफ काढला की त्याखालचं क्षेत्रफळ भरतं ४,०००, म्हणजे चार हजार 'मासा-दिवस'. एक मासा व्हाळात दहा दिवस जगतो असं धरलं तर आले एकूण ४०० मासे. नुसती बेरीज सुद्धा ४०० च येते, पण तो योगायोग, मी मुद्दाम सोपे आकडे घेतले म्हणून. मासा वीस दिवस जगत असेल तर तेच उत्तर २०० होतं, म्हणजे सगळी गोम तो व्हाळात किती दिवस टिकतो ह्यात आहे, आणि ते दर व्हाळात दर वर्षी वेगळं असतं. त्यामुळे तिकडचे अनुभवी लोक आकडा सांगताना अंदाज म्हणूनच सांगतात.

मोठ्या नदीत चालत जाणं शक्य नाही, तिथे वेगळे प्रकार. अलास्काच्या ब्रिस्टल बे भागात नदीच्या दोन्ही काठांवर मचाण बांधतात, आपल्या शेतात रानडुकरांसाठी माळा असतो ना तसलं, वर माणूस बसतो, डोळ्यावर पाण्याची चकाकी मारणारा चष्मा, हातात क्लिकर, आणि तासातली फक्त १० मिनिटं मोजतो. त्या दहा मिनिटांना सहानं गुणलं की तासाचा अंदाज. तळाला पांढरे पट्टे टाकलेले असले की त्यावरून जाणारा मासा उठून दिसतो. आणि हे सॉकाय जातीचे मासे थोडेथोडके नाहीत, २०२२ मध्ये ब्रिस्टल बेला साधारण ७ कोटी ९० लाख मासे परत आले, तो तिथला विक्रम आहे. कोलंबिया नदीवरच्या बोनविल धरणाला माशांनी चढून जावं म्हणून पायऱ्या आहेत, त्या पायऱ्यांना काचेची खिडकी, खिडकीमागे माणूस, तो जात ओळखून बटण दाबतो. तिथली मोजणी १९३८ पासून चालू आहे. गढूळ नदीत सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यात बघणारं यंत्र, लावतात, पडद्यावर मासा भुतासारखा सरकताना दिसतो पण जात कळत नाही, ती ओळखायला शेजारी जाळं टाकून बघावं लागतंच. यंत्र आलं म्हणून गमबूट सुटत नाहीत.

प्रश्न (पणजी): आमच्या रेस्टॉरंटच्या मेनूवर 'इंडियन सॅल्मन' असं लिहिलंय आणि ताटात रावस येतो. एक टुरिस्ट भांडला. कोण बरोबर?

उत्तर: टुरिस्ट बरोबर, पण रावसाचा काय दोष. हे नाव इंग्रजी बोलणाऱ्यांनी चिकटवलेलं, नातं काही नाही. सॅल्मनच्या पाठीवर मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, रावसाला तो नाही, उलट रावसाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना चार-चार दोरे लोंबतात ते सॅल्मनला नाहीत. रावस अंडी घालायला डोंगरातल्या व्हाळात वगैरे जात नाही. एक गंमत मात्र सांगा त्या टुरिस्टला, रावस आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. सुपरमार्केटमध्ये मिळतो तो केशरी सॅल्मन बहुतेक नॉर्वेकडच्या पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सॅल्मन, त्याचा रंग खाद्यातून येतो. सॅल्मनचे खरे नातेवाईक बघायचे तर हिमाचलला किंवा काश्मिरात जा, ट्राउट. मेनूवर 'रावस' लिहा, चार पैसे जास्तच द्यावेसे वाटतील असा मासा आहे तो.

प्रश्न (मोरजी): आमच्या घरी आजोबांची रापण होती. तुम्ही लिहिलंत की तिकडे शास्त्रज्ञसुद्धा किनाऱ्यावरून जाळं ओढतात. ते कशाला? मासा व्हाळात मोजला ना, मग समुद्रात परत का?

उत्तर: कारण व्हाळात जे मोजतात ते एक तर परत आलेले मोठे, नाहीतर खाली निघालेली पिल्लं, आणि मधल्या काळात काय झालं ते काळोखात राहतं. समजा व्हाळातून लाखभर पिल्लं निघाली आणि तीन-चार वर्षांनी शंभर मासे आले, मग बाकीची मेली कुठे? नदीच्या तोंडाशी, किनाऱ्याजवळ की भर समुद्रात? चम आणि पिंक जातीची पिल्लं रेतीतून वर आली की जवळजवळ लगेच समुद्राची वाट धरतात, तेव्हा ती तीन-चार सेंटीमीटरची असतात, बोटाच्या दोन पेरांएवढी. एवढासा जीव खोल पाण्यात जाणार कुठे, तो काठाकाठानं, समुद्री गवतातून सरकत राहतो, तिथलं बारीक खाणं खातो, काठावरच्या झाडावरून पडलेले किडे खातो. मग लोकांनी घराच्या रक्षणाला किनाऱ्यावर काँक्रीटची भिंत घातली की झाड गेलं, उथळ पाणी गेलं आणि पिल्लाला खोलात उतरावं लागलं. सिएटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये हाच वाद वर्षानुवर्षं चाललाय. आपल्याकडे पण किनाऱ्यावर दगडाच्या भिंती उठतायत, बोलायचं तर ते वेगळं पान होईल.

तर जाळं. तुमच्या रापणीचंच बारकं भावंड ते, तीस-चाळीस मीटरचं, होडीनं अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं चार माणसांनी किनाऱ्यावर ओढायची. फरक असा की तुम्ही ओढल्यावर टोपल्या भरता, ते बादल्या भरतात आणि परत सोडून देतात. बादलीतल्या पाण्यात थोडं गुंगीचं औषध, पिल्लू कुशीवर कललं की पट्टीवर ठेवून लांबी घ्यायची, पाठीवरचा तो छोटा पर आहे का बघायचं, कारण हॅचरीवाले पुष्कळ पिल्लांचा तो पर कापूनच सोडतात, म्हणजे पर नसला तर हॅचरीचा. पर असला म्हणजे रानातलाच असं छातीठोक म्हणता येत नाही, न कापता सोडलेले पण असतात. थोड्या मोठ्या पिल्लांच्या तोंडात पिचकारीनं हळूच पाणी सोडतात, ते खाल्लेलं सगळं ओकून टाकतं, ते बाटलीत भरायचं आणि पिल्लू शुद्धीवर आलं की पाण्यात. कॅनडात ब्रॉटन बेटांच्या भागात २००१ पासून अशाच पकडलेल्या पिल्लांच्या अंगावरच्या समुद्री उवा एकेक करून मोजतायत, कारण तिथे पिंजऱ्यात सॅल्मन वाढवायचे आणि शेजारून जाणाऱ्या रानटी पिल्लांना उवा लागत होत्या.

पिल्लाच्या नाकात खुपसायची तार पण असते बरं का, १.१ मिलिमीटर लांब, त्यावर नंबर कोरलेला. मासा मेल्यावर किंवा पकडल्यावर नाकाचा तुकडा लॅबला पाठवून नंबर वाचतात. दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा टॅग, त्यात बॅटरी नाही, मासा अँटेनावरून गेला की आपोआप नंबर नोंदला जातो, टोलनाक्यावरच्या फास्टॅगसारखं.

आणि मोरजीकरांना मी वेगळं काय सांगू, तुमच्याकडे कासवांची घरटी मोजतातच. व्हाळात रेती उकरून सॅल्मनची मादी जे खड्ड्याचं घरटं करते ते सुद्धा तसंच मोजतात.

प्रश्न (फोंडा): स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ऐंशी वर्षं मासे मोजून त्या लोकांनी काय मिळवलं? मासे कमी झाले ते झालेच ना? हे म्हणजे रोज ताप मोजायचा आणि औषध द्यायचं नाही.

उत्तर: राग नाही, उलट सगळ्यात चांगलं पत्र तुमचंच. मोजल्यानं मासा वाढत नाही, हे मान्य. पण ताप न मोजता औषध देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का?

पैशाचंच बोलू. ब्रिस्टल बेला मासेमारी कधी उघडायची ते मचाणावरच्या आकड्यावरून ठरतं, वर पुरेसे मासे गेले की जाळ्यांना मोकळीक, नाही गेले तर थांबा. वॉशिंग्टन राज्यात १९७४ साली कोर्टानं निकाल दिला की करारानं हक्क असलेल्या तिथल्या मूळ जमातींना पकडीयोग्य माशांतला अर्धा वाटा मिळाला पाहिजे. अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, जमीन कधी वाटली-भांडली असेल तर तुम्हाला माहीत असेल, वाटणीचं पहिलं भांडण मोजमापाचं असतं.

मोजणी तोंडघशी पण पाडते, तेही सांगतो. कॅनडाच्या फ्रेझर नदीत २००९ मध्ये साधारण १ कोटी सॉकाय येतील असा अंदाज होता, आले १५ लाखांच्या आसपास. हाहाकार झाला, न्यायाधीश ब्रूस कोहेन ह्यांचा चौकशी आयोग बसला. आणि आयोग काम करत असतानाच २०१० मध्ये पावणेतीन कोटींहून जास्त मासे आले, गेल्या कित्येक दशकांत आले नव्हते इतके. २०१२ च्या अहवालात एकच असा गुन्हेगार सापडला नाही. कोणी म्हणेल बघा, अंदाजच चुकला. मी म्हणतो अंदाज चुकला हे कळलं कशावरून, मोजलं म्हणूनच ना. एका वर्षाकडे बघून रडणाऱ्याला पुढच्या वर्षी हसू येतं, दोघांकडे जुनी वही नसेल तर दोघेही चुकणार.

आता ती पोट चिरून बघायची गोष्ट. सिएटल शहरातले काही व्हाळ लोकांनी मेहनतीनं साफ केले, कचरा काढला, झाडं लावली, की कोहो परत यावा. आला. मग मोजणारे गेले तर पाऊस पडला की काही तासांत मासे गोल गोल फिरतायत, तोंड वर काढून धापा टाकतायत आणि मरतायत, आणि मेलेल्या माद्यांचं पोट चिरलं तर अंडी तशीच भरलेली. म्हणजे काम करून गेलेले नाहीत, कामाआधीच गेलेले. काही व्हाळांत आलेल्यांतले ४० ते ९० टक्के असे मरत होते. वर्षानुवर्षं कारण सापडेना, कीटकनाशकं झाली, धातू झाले, रोग झाले. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये छापून आलं की मारेकरी गाडीच्या टायरमध्ये आहे. रबराला हवेतल्या ओझोननं चिरा पडू नयेत म्हणून सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याचं ओझोनशी मिळून एक दुसरंच रसायन बनतं, टायर झिजला की धूळ रस्त्यावर, पाऊस पडला की व्हाळात. त्याच पाण्यात चम जातीचा मासा मरत नाही, कोहो मात्र मरतो. आणि औषध पण सापडलं, रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं की कोहो जगतो.

हे सगळं सुरू कुठून झालं, तर गमबूट घातलेल्या कोणीतरी मेलेल्या मादीचं पोट उघडून 'अंडी आहेत' एवढं वहीत लिहिलं तिथून. आपल्या हायवेवरचं पहिल्या पावसाचं काळं पाणी कुठे जातं ते एकदा छत्री घेऊन बघून या.

प्रश्न (वाळपई): सर, मी बीएस्सीला आहे. आमच्या गावच्या व्हाळात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, सगळं गाव पकडायला जातं. मला त्यांचा प्रोजेक्ट करायचाय पण माझ्याकडे टॅग नाही, सोनार नाही, काहीच नाही. शिवाय एक-दोनदा गेले तर मासा दिसलाच नाही. मग लिहायचं काय?

उत्तर: अगं, तुझ्याकडे व्हाळ आहे, तिकडच्या शहरातली पोरं बसनं जातात व्हाळ बघायला.

चढणीचा मासा आणि सॅल्मन ह्यांची जात वेगळी, पण चाल ओळखीची, अंडी घालायला पाण्याविरुद्ध वर. सॅल्मन समुद्रातून येतो, आपले नदीतून व्हाळात, शेतात शिरतात. आणि आपण नेमके तेव्हाच, पोटात गाभोळी असतानाच पकडतो, मीही लहानपणी पकडलेत आणि चवीनं खाल्लेत, साधू बनत नाही.

एक जागा ठरव, शक्यतो मोरीच्या किंवा साकवाच्या वरच्या बाजूची, जिथे तळ दिसतो. पन्नास पावलं मोजून दोन्ही टोकांच्या झाडाला खूण कर आणि मग जागा बदलू नकोस, उद्या दुसरीकडे जास्त मासे दिसले तरी. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जा, पंधरा मिनिटं उभी राहा, वर जाणारे मोज. तारीख, वेळ, पाऊस, दगडाला रंगाची रेघ मारून पाण्याची उंची, पाणी गढूळ की स्वच्छ. गढूळ असेल तर 'दिसत नाही' असं लिही, 'मासे नाहीत' असं नाही, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावकरी पकडून आणतील त्यांच्याकडे वीस माशांची लांबी मोजू दे म्हणून माग, मादीच्या पोटात गाभोळी होती का विचार, बायकांना विचार, साफ त्या करतात. व्हाळाला पूर आला की काठावरून लांब, आणि पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोची भानगड नको. एकटी जाऊ नकोस.

आणि मासा दिसला नाही तर शून्य लिहायचं. माझ्या मामांनी काही वर्षं गावच्या मानशीची पावणी घेतली होती, म्हणजे खाजनाच्या, खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाला जे लाकडी दार असतं तिथे ओहोटीला जाळं लावायचा हक्क लिलावात घेतला होता. त्यांची एक लाल पुठ्ठ्याची वही होती, हिशोबाची, दर रात्रीची ओळ, 'शेवटे दोन टोपल्या', 'काळुंद्रां थोडी, सुंगटां बरी', आणि मधेमधे 'आज काय नाय'. मला तेव्हा वाटायचं काय नाय तर लिहायचं कशाला. नंतर ती वही वाळवीनं खाल्ली, आता त्या मानशीत पूर्वी किती मासा लागायचा ह्यावर गावात चार माणसांची पाच मतं आहेत.

तेव्हा वही घे, पेन्सिलीनं लिही, पेन पावसात पसरतं. जून ते ऑगस्टची पानं भरली की फोटो काढून पाठव, शून्यांसकट.